चाळीस नंबरचा टॅग

मित्रांनो, मी एक जुना स्विच आहे. भिंतीवरचं जे बटण दाबलं की दिवा लागतो त्यालाही तुम्ही स्विचच म्हणता, पण एक नाव सोडलं तर त्याचं आणि माझं काही नातं नाही. मी एका लोखंडी पेटीच्या पाठीत बसवलेला चपटा, करड्या रंगाचा डबा आहे. त्या पेटीच्या पुढच्या बाजूने, फडताळात पुस्तकं उभी करावीत तसे, पातळ संगणक एकाला एक लागून खोचलेले असतात. त्यांना ब्लेड सर्व्हर म्हणतात. ते मोठे हुशार. नोंदी ठेवणं, चित्रं साठवणं, विचारलेल्याचं उत्तर देणं ही कामं त्यांची. पण बाहेरच्या जगाशी त्यांना एक शब्द बोलायचा झाला तरी तो माझ्या हातून जातो, आणि बाहेरचा शब्द आत येतो तोही माझ्याच हातून. मला स्वतःला काही सांगायचं नसतं. आज पहिल्यांदाच सांगतो आहे.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला ठाऊक नाही. मला जाग आली ती देशाच्या उत्तरेकडच्या डोंगरातल्या म्झुझू शहरात. राजधानी लिलाँग्वेहून आलेल्या ट्रकमधून मला उतरवलं आणि टेकडीवरच्या सरकारी इमारतीत वरच्या मजल्यावर नेलं. त्या टेकडीवर वर्षातले बरेच दिवस धुकं असतं म्हणे. मला खिडकी दिसत नाही. आत येणाऱ्यांचे कोट दमट असले की मी समजून घेतो.

माझा खोका झोंडिवे हारावा या बाईंनी उघडला. इमारतीतल्या सगळ्या वायरी आणि त्यांची जोडणी त्यांच्याकडे होती. त्यांच्याबरोबर मापोपा झ्गाम्बो होते. ते वयाने बरेच मोठे. सर्व्हर, वीज, जनरेटर, वातानुकूलन, सगळं ते बघत. झोंडिवे त्यांना दादा म्हणायची. दोघांचं एकमेकांवाचून पान हलत नसे आणि दोघांचं एकाही गोष्टीवर एकमत होत नसे.

माझ्या बाबतीतही पहिल्याच दिवशी वाद झाला. त्या पेटीत वेगवेगळ्या कार्यालयांचे सर्व्हर राहणार होते. उत्तरेकडच्या सरकारी दवाखान्यांचा एक, शिक्षकांच्या कॉलेजाचा एक आणि इमारतीतल्या कचेरीचा एक. मापोपांचं म्हणणं, प्रत्येकाला बाहेर जायला स्वतंत्र वायर द्यावी. झोंडिवेचं म्हणणं, सगळ्यांनी मिळून दोन जाड वायरी वापराव्यात. एक नेहमीची, दुसरी राखीव. पहिली तुटली तर सगळ्यांचं सगळं बोलणं दुसरीवरून जाईल. या बाहेर जाणाऱ्या वायरींना अपलिंक म्हणतात.

"एका ताटात दहा हात पडले ना झोंडिवे, की शेवटच्याच्या वाट्याला नुसती मक्याची न्सिमा उरते," मापोपा म्हणाले. "मासा आधीच्यांनी पळवलेला असतो."

"म्हणून तर वाढायला मी बसले आहे. तुम्ही नुसते जेवा, दादा."

शेवटी झोंडिवेचं ऐकलं गेलं. मग दोघं माझ्यासमोर दोन खुर्च्या ओढून बसली, मध्ये चहाचा थर्मास आणि कागदात बांधलेले मंदासी. मंदासी म्हणजे तिकडचे तळलेले गोड गोळे. त्या दिवशी झोंडिवेने मला माझं काम शिकवलं, ते तुम्हालाही सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे.

एकाच वायरीतून अनेकांचं बोलणं जाणार, तर ते एकमेकांत मिसळता कामा नये. दवाखान्यातल्या रुग्णाचा आजार कॉलेजातल्या पोरांना दिसता कामा नये. म्हणून ज्याच्या-त्याच्या बोलण्याच्या पुडक्यावर मी एक नंबर चिकटवतो. त्याला टॅग म्हणतात. दवाखान्यांचा दहा, कॉलेजाचा वीस, कचेरीचा तीस. खालच्या मजल्यावर माझ्यासारखाच पण मोठा स्विच आहे, तो नंबर बघून पुडकं योग्य वाटेला लावतो. एकाच वायरीत आखलेल्या अशा वेगळ्या वाटांना व्हीलॅन म्हणतात. आणि त्या दोन वायरी जिथून बाहेर पडतात त्या माझ्या दोन दारांपैकी प्रत्येक दाराला वेगळं सांगावं लागतं, की बाबा, तुझ्यातून हे-हे नंबर जाऊ दे. सांगितलेला नंबर आला की दार उघडं. न सांगितलेला आला की ते पुडकं तिथेच टाकून द्यायचं. आवाज करायचा नाही, दिवा विझवायचा नाही, कोणाला कळवायचं नाही. अशीच आमची रीत आहे. ती माणसांनीच घालून दिली आहे आणि बहुतेक वेळा ती चांगलीच असते.

सुरुवातीची वर्षं सुखाची गेली. करोंगाच्या दवाखान्यात कोणाच्या पायाचा फोटो निघाला की म्झुझूतले मोठे डॉक्टर तो इथे बसून पाहायचे. मधली सगळी वाट माझ्यातून जायची. राजधानीतून पाहुणे आले, त्यांनी पेटीपुढे उभं राहून फोटो काढले. मुंथाली साहेब हे आमच्या इमारतीचे प्रमुख. ते सगळ्यांना माझ्याकडे बोट दाखवून सांगायचे, की या एवढ्याशा डब्यावर अख्खी उत्तर चालते. पाहुणे गेले की मापोपा स्वतःच्या रुमालाने माझ्या पाठीवरची धूळ पुसायचे आणि झोंडिवेला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणायचे, की ताटात हात बरेच आहेत, पण मासा अजून उरतोय खरा.

मित्रांनो, तेवढ्यात आमच्याकडे एक नवं बिऱ्हाड आलं.

आमच्या डोंगराखाली मोठं सरोवर आहे. मी ते पाहिलेलं नाही, पण त्याच्या काठची माणसं त्याला तळं म्हणत नाहीत, समुद्र असल्यासारखं बोलतात. थंडीच्या दिवसांत तिथे आग्नेयेकडून म्वेरा नावाचा वारा सुटतो. सकाळी पाणी काचेसारखं असतं आणि संध्याकाळी लाटा होडीच्या डोक्यावरून जातात. त्या वाऱ्याने दर वर्षी माणसं जात. म्हणून आमच्या इमारतीत सरोवर इशारा कक्ष उघडला. तिथे तिवोंगे म्सिस्का नावाची तरुण हवामान अधिकारी आली. ती काठावरच वाढलेली. वाऱ्याची लक्षणं दिसली की ती इशारा लिहायची. तो तिच्या सर्व्हरवर यायचा, तिथून माझ्यातून बाहेर फोन कंपनीकडे, आणि मग किनाऱ्या-किनाऱ्यावरच्या प्रमुखांच्या फोनवर आणि खांबावरच्या भोंग्यांवर जायचा. भोंगा वाजला की कोणी होडी पाण्यात लोटायची नाही.

तिवोंगेच्या सर्व्हरला नवा नंबर मिळाला. चाळीस.

त्या दिवसांत झोंडिवे घरी होती. तिला मुलगी झाली होती. म्हणून चाळीस नंबरचं काम मापोपांनी केलं. त्यांनी माझ्या पहिल्या दाराला सांगितलं, की चाळीस जाऊ दे. दुसऱ्या दाराकडे ते वळणार तोच वीज गेली. जनरेटर दोनदा खोकून बंद पडला आणि मापोपा पळत खाली गेले. परत आले तेव्हा त्यांचे हात तेलाने काळे झाले होते आणि दारात तिवोंगे उभी होती. तिने एक छोटा निरोप पाठवून पाहिला. कालोवेच्या किनाऱ्यावरून लगेच उत्तर आलं, की भोंगा छान वाजला, कोंबड्या पळाल्या. सगळे हसले. मापोपांनी हात पुसले आणि खोलीला कुलूप लावलं.

दुसरं दार तसंच राहिलं.

तुम्ही म्हणाल, तुला तर माहीत होतं. नाही मित्रांनो. मला जेवढं सांगितलं तेवढंच मला माहीत असतं. काय सांगायचं राहिलं आहे, ते मला कधीच कळत नाही. आणि मापोपांच्या मनात ते काम पुरं झालेलं होतं. माणूस एखादी गोष्ट करायला निघतो, मध्येच कोणी हाक मारतं, आणि नंतर त्याला ती केल्याचीच आठवण राहते.

झोंडिवे कामावर परतली तेव्हा तिने मुंथाली साहेबांकडे एक परवानगी मागितली. तिला पहिली वायर मुद्दाम उपटून पाहायची होती. नवं बिऱ्हाड आलं आहे, राखीव वायरीवरून सगळ्यांचं नीट जातं का ते एकदा बघू, असं तिचं म्हणणं. साहेब माझ्यासमोरच उभे होते.

"चालतंय ना?" ते म्हणाले. "मग चालू दे. तू वायर उपटणार आणि दवाखान्यांचे फोन मला येणार."

झोंडिवेने मापोपांकडे पाहिलं. तिला वाटलं असेल की ते तिची बाजू घेतील. मापोपा हसून म्हणाले, "दोन्ही दारं मी माझ्या हातांनी केली आहेत, बाई. आता माझ्यावरही भरवसा नाही का?"

एवढ्या मोठ्या माणसाला, तेही चारचौघांत, नाही कसं म्हणणार? तिने मान हलवली आणि विषय तिथेच संपला.

पुढे ऑगस्ट आला, म्हणजे तिकडचे थंडीचे, म्वेराचे दिवस. त्या दिवशी झोंडिवे कामासाठी रुम्फीला गेली होती. खालच्या मजल्यावर छताची दुरुस्ती चालली होती. दुपारी कामगारांनी भिंतीत ड्रिल घातलं आणि माझी पहिली वायर कापली गेली. मला त्याचं दुःख वगैरे झालं नाही. मला शिकवलं होतं तेच मी केलं. पापणी लवायच्या आत सगळ्यांचं बोलणं दुसऱ्या दाराकडे वळवलं. दहा गेला. वीस गेला. तीस गेला. चाळीस आला, आणि दुसऱ्या दाराला चाळीस ठाऊक नव्हता. ते पुडकं तिथेच पडलं.

पहिल्या दाराचा दिवा विझलेला पाहून मापोपा धावत आले. त्यांनी दवाखान्याला फोन केला. तिकडून उत्तर आलं, की आमचं तर काही बिघडलेलं नाही. कॉलेजातूनही तेच. मापोपांचा चेहरा खुलला. जाता जाता ते इशारा कक्षातही डोकावले. तिवोंगेने नुकताच म्वेराचा इशारा लिहून सोडला होता, आणि तिच्या पडद्यावर 'रवाना' असा शब्द होता. तिने अंगठा वर करून दाखवला.

तो 'रवाना' खोटा नव्हता. तिच्या टेबलावरून सर्व्हरपर्यंतचं बोलणं कचेरीच्या तीस नंबरने येत होतं, ते पोचलंच होतं. तिथून पुढचं तिला दिसत नसे. सर्व्हर बिचारा तोच इशारा पुन्हा पुन्हा माझ्याकडे देत राहिला. मी पुन्हा पुन्हा तो दुसऱ्या दाराशी नेला, आणि दाराने तो पुन्हा पुन्हा टाकला. आणि दारावरचा दिवा हिरवा होता. दवाखान्यांचे फोटो भराभर जात होते, त्यामुळे तो नेहमीपेक्षा जास्तच जोरात लुकलुकत होता.

किनाऱ्यावर तेव्हा उसिपा धरायचे दिवस होते. उसिपा म्हणजे बोटाएवढी चंदेरी मासळी. ती धरायला होड्या उजेड असतानाच निघतात आणि खोल पाण्यात जाऊन कंदील लावतात.

इशारा पोचला की किनाऱ्यांवरून उलट निरोप येत. काही लगेच येत, काही आळसाने. त्या दिवशी एकही आला नव्हता. तिवोंगेला ते आधी टोचलं नाही, मग टोचलं. तिने कालोवेच्या किनारा समितीचे प्रमुख वेडसन मांडा यांना फोन लावला. वारा चढला का, एवढंच तिला विचारायचं होतं. ते काय म्हणाले ते तिने नंतर याच खोलीत किती वेळा सांगितलं असेल.

"कसला इशारा, पोरी? भोंगा गप्प आहे म्हणून तर सगळे गेलेत."

तिवोंगे जिन्यावरून वर धावत आली. तिच्या एका पायात चप्पल नव्हती. तिने जे सांगितलं ते ऐकून मापोपा खाली बसले आणि बसल्या-बसल्याच त्यांनी झोंडिवेला फोन लावला. रुम्फीहून तिचा आवाज येत होता. मापोपांनी फोन माझ्याशेजारी जमिनीवर ठेवला होता, म्हणून मला सगळं ऐकू आलं. ती ओरडली नाही. तिने दादांना माझी माहिती पडद्यावर उघडायला सांगितलं. मग म्हणाली, "दुसऱ्या दारातून कोणकोणते नंबर जातात, दादा? वाचा."

"दहा," मापोपांनी वाचलं. "वीस. तीस."

"पुढे?"

मापोपांनी पडदा खाली सरकवून पाहिला.

"पुढे काही नाही," ते म्हणाले.

मग झोंडिवे हळू आवाजात म्हणाली, "घाला, दादा. चाळीस घाला."

त्यांनी चाळीस घातला. सर्व्हर अडवून धरलेले सगळे इशारे एकदम माझ्याकडे ढकलू लागला, आणि मी ते एकामागून एक बाहेर सोडले. खाली तिवोंगे, मुंथाली साहेब, कचेरीतले झाडून सगळे आपापल्या फोनवरून किनाऱ्यांना हाका मारत होते. किनाऱ्यावर भोंगे वाजले. काठाजवळच्या होड्या वळल्या. लांबच्यांना भोंगा ऐकू गेला नाही, पण काठावर लोकांनी पेंढा पेटवला, तो उजेड पाहून तेही वळले. वारा त्यांच्या मागेच होता.

कालोवेची एक होडी आली नाही. तीत दोघं होते. एकजण उलटलेल्या होडीला धरून राहिला आणि त्याला सकाळी काढलं. दुसरा अबेल लोंग्वे. तो दोन दिवसांनी सापडला.

जो वाचला त्याने सांगितलं, की निघताना अबेल जरा थांबला होता. त्याला ढगांचा रंग आवडला नव्हता. पण भोंगा गप्प होता. म्हणून ते निघाले, आणि भोंगा गप्प होता म्हणूनच नेहमीपेक्षा लांब गेले. हे सांगताना तिवोंगेला रडू आवरेना. ती म्हणाली, इशारे नसते तर तो माझ्या वडिलांसारखा ढग बघून घरी बसला असता.

मित्रांनो, हे मला फार उशिरा उमगलं. मी लोकांना बोलणं पोचवायची सवय लावली, आणि त्यांनी माझ्या गप्प बसण्यालाही बोलणं मानलं.

मुंथाली साहेबांनी वर कळवलं, की यंत्रात तांत्रिक दोष उद्भवला. कागदावर तेवढंच गेलं. मापोपांनाही त्यांनी समजावलं, की जास्त काही बोलायची गरज नाही, मुद्दाम कोणी केलेलं नाही. मापोपांनी कोट चढवला आणि मिनीबस धरून ते कालोवेला गेले. झोंडिवेही गेली. तिने नंतर सांगितलं ते असं. अंगणात पुरुष जमिनीवर बसले होते, आत बायका रडत होत्या. मापोपा पुरुषांत जाऊन बसले. कोणी त्यांना ओळखत नव्हतं, आणि अशा घरी कोणी कोणाला तू कोण म्हणून विचारत नाही. माती होईपर्यंत ते बसून राहिले. निघताना त्यांनी अबेलच्या थोरल्या बहिणीला बाजूला घेतलं. आईबापांच्या मागे तिनेच त्याला वाढवलं होतं. तिकडच्या रीतीप्रमाणे सगळे तिला माहेरच्या आडनावावरून न्या-लोंग्वे म्हणत. मापोपांनी तिला सगळं सांगितलं. दोन दारं, एक नंबर, राहून गेलेलं काम, आणि ते तपासू न दिलेलं. तिने शेवटपर्यंत ऐकलं. तिला त्यातलं किती कळलं असेल, असं झोंडिवेला वाटलं. न्या-लोंग्वे एवढंच म्हणाली, की मी येऊन बघीन.

आणि ती आली. थंडी संपून आंब्यांना मोहोर आला होता म्हणे. ती आली तेव्हा वेडसन मांडा तिच्याबरोबर होते. ती किडकिडीत, उंच बाई होती. कमरेला गुंडाळलेलं चितेंजे, म्हणजे तिकडचं छापील कापड, डोक्याला काळा रुमाल. मुंथाली साहेबांनी तिला आपल्या खोलीत बसवून चहा मागवला, पण ती खुर्चीवर टेकलीच नाही. वर आली. आमच्या खोलीत गार वारा सोडलेला असतो, पंख्यांचा आवाज असतो. ती दारात क्षणभर थांबली आणि मग मापोपांना म्हणाली, "भाऊ, तो शब्द कुठे अडला ते दाखवा."

मापोपा माझ्यासमोर गुडघ्यांवर बसले. त्यांनी दुसऱ्या दारावर बोट ठेवलं. ती वाकली. इतक्या जवळून मला याआधी कोणी पाहिलं नव्हतं.

"एवढंसं?"

"एवढंसंच, ताई."

"हा दिवा तेव्हा लागलेला होता?"

"होता."

"असाच हिरवा?"

"असाच हिरवा."

ती त्या दिव्याकडे आणखी वाकली. दारात उभे असलेले मुंथाली साहेब मध्येच काहीतरी बोलू लागले, यंत्रांच्या बाबतीत असं होतं वगैरे. तिने मागे न बघता हात वर केला. साहेब थांबले.

"म्हणजे बघणाऱ्याला सगळं ठीकच दिसलं," ती म्हणाली.

"मी बघणारा होतो," मापोपा म्हणाले. "मला ठीकच दिसलं."

ती हळूच सरळ उभी राहिली. मग झोंडिवेकडे वळून तिने विचारलं, की आता तुम्हाला कसं कळतं. झोंडिवेने सांगितलं, की आता दर महिन्याला आम्ही स्वतः एक वायर उपटतो. मग निरोप पाठवतो आणि प्रत्येक किनाऱ्याला फोन करून विचारतो, तुम्हाला पोचला का. त्याची परवानगी साहेबांनी दिली आहे, आणि दवाखान्यांना आदल्या दिवशी ते स्वतः फोन करतात.

"मग आज उपटा," न्या-लोंग्वे म्हणाली. "मी आहे तोवर."

झोंडिवेने साहेबांकडे पाहिलं. आज तो दिवस नव्हता आणि दवाखान्यांना कोणी कळवलं नव्हतं. साहेबांच्या कपाळावर आठी आली. मग त्यांनी खिशातून फोन काढला आणि दवाखान्याला सांगितलं, की आत्ता थोडं काम करतो आहोत, काही अडलं तर मला बोला. फोन ठेवून त्यांनी मान हलवली.

मापोपांनी पहिली वायर धरली. एक बारीक टक् असा आवाज झाला आणि ती बाहेर आली. मी सगळं बोलणं दुसऱ्या दाराकडे वळवलं. खालून तिवोंगेने निरोप सोडला. दहा गेला, वीस गेला, तीस गेला, आणि त्यांच्या मागून चाळीस गेला.

आणि मग वेडसन मांडांच्या कोटाच्या खिशात फोन वाजला. ते दचकलेच. किनाऱ्याचे प्रमुख तेच ना! त्यांनी चष्मा शोधायला सुरुवात केली, तोवर न्या-लोंग्वेने फोन त्यांच्या हातातून घेतला. एकेक अक्षर लावत तिने वाचलं, "हा सराव आहे. वारा नाही."

तिने ते पुन्हा एकदा मनाशी वाचलं. फोन दोन्ही हातांत धरून ती उभी होती. मग तिने तो वेडसन मांडांना दिला आणि रुमालाच्या टोकाने डोळे पुसले. या खोलीत तिने डोळे पुसले ते तेवढ्यापुरतेच.

"दर महिन्याला करणार?" तिने मापोपांना विचारलं.

"करणार, ताई."

"यांच्या फोनचा भरवसा नाही. चार्ज नसतो." वेडसन मांडांनी फोन खिशात टाकला. "माझ्या फोनवर पाठवा. पोचलं की मी सांगीन. नाही पोचलं तर इथे येईन."

मापोपांनी मान खाली घातली आणि तिचा नंबर लिहून घेतला. जाताना तिने त्यांना क्षमा केली असं काही म्हटलं नाही. त्यांनीही मागितली नाही. जिन्यापाशी पोचल्यावर तिने एवढंच विचारलं, की तुम्ही जेवलात का. ते नाही म्हणाले. ते सगळे खाली गेले. पुढे काय झालं ते मला माहीत नाही, कारण मी खाली जात नाही.

त्यानंतर मापोपा निवृत्त होईपर्यंत कालोवेला पहिला फोन तेच करत. दुसऱ्या टोकाचा आवाज मला ऐकू येत नसे, पण मापोपांच्या खांद्यांवरून कळत असे. आधी ते ताठ असत, मग सैल पडत. "आलं म्हणते," ते झोंडिवेला सांगत, आणि मग पुढचा किनारा. आता ते म्झिम्बाला आपल्या गावी असतात. त्यांचं काम झोंडिवे करते.

मित्रांनो, मीही आता थकलो आहे. माझा पंखा घरघर करतो. माझ्याहून वेगवान स्विच खोक्यात येऊन पडला आहे. येत्या काही दिवसांत मला काढतील आणि तो बसेल. मला त्याचं वाईट वाटत नाही. फक्त तुमच्याकडे एक मागणं आहे. तुमच्या घरात, शाळेत, पुढे तुमच्या कामावर माझ्यासारखी पुष्कळ मुकी यंत्रं असतील. त्यांची धूळ पुसा, त्यांना गार ठेवा, तेवढ्यासाठी ती तुम्हाला दुवा देतील. पण त्यांच्या दिव्याकडे बघून निर्धास्त होऊ नका. कोणी काळजीने म्हणालं, की एकदा तपासून बघू, तर त्याला हसू नका, आणि तो वयाने लहान आहे म्हणून गप्प करू नका. निरोप पाठवलात, तर ज्याला पाठवला त्याला विचारा. आमचं काम दारापर्यंतच असतं. दाराच्या पलीकडे एक माणूस असतो, आणि पोचलं की नाही हे त्याच्याशिवाय कोणालाच सांगता येत नाही.